पेद्रूचे पाय

साल एकोणीसशे एक्याण्णव. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो आणि मीरा रोडला, शांती नगरात, तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलो होतो. कोणी कुलूप लावलेलं नव्हतं. दार तर मी दिवसभर उघडंच ठेवायचो. पण बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, आणि माझ्या उजव्या पायाला अंगठ्याखाली जखम होती, ती सात महिने भरत नव्हती. साखरेची जखम. डॉक्टर बोलला होता, आज अंगठा काढू, उशीर केलात तर पाय काढावा लागेल. मी बोललो, मी मेल्यावर काय काढायचं ते काढा. त्या दिवसापासून मी दवाखान्यात गेलो नाही आणि जिना उतरलो नाही.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. हे स्वतःच्या हाताने लिहितोय, शुद्धलेखन चुकलं तर चुकलं. घोडबंदरच्या बाजूला आमचं गाव. चाळीस वर्षं मी मिठागरात खाऱ्या पाण्यात उभा राहिलो, फावड्याने मीठ ओढलं, राशी घातल्या. कोणापुढे वाकलो नाही. बायको गेली, गावचं घर भावकीत गेलं, मग मुलाने, अनंताने, मला इथे आणलं. तो आणि सून दोघं नोकरीवाले, सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी सातला घरात. मधले अकरा तास मी, दाराजवळची खुर्ची आणि पायावर टाकलेला टॉवेल. गॅलरीतून लांब मिठागराचा एक पांढरा तुकडा दिसायचा. त्यावर रोज डंपर माती टाकत होते. तुकडा बारीक होत चालला होता. मी बघत बसायचो.

अशात कातरिनबाय आली.

ती उत्तनची ख्रिस्ती कोळीण. पन्नाशी उलटलेली, बुटकी, लुगडं घट्ट वर नेसलेलं, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटासा क्रूस, डोक्यावर मासळीची टोपली. तिची एक सवय होती. कोणालाही मासा देण्याआधी ती तो उचलून नाकाशी धरायची, कल्ला उघडून वास घ्यायची, मगच तराजूत टाकायची. गिऱ्हाईक हसायचं. ती बोलायची, "डोले फसतात. नाक न्हाय फसत."

त्या दिवशी समोरच्या वहिनींना बोंबील देऊन ती वळली आणि माझ्या दारात थबकली. नाक वर केलंन. मी टॉवेल सारखा केला.

"काय नको आपल्याला," मी बोललो.

"मी कय बोलली घे म्हनून? दादूस, यो वास मावऱ्याचा न्हाय. तुजा हाय."

मावरं म्हणजे मासळी, आम्ही आगरीही तेच बोलतो. पण एका कोळणीने मला माझ्या दारात येऊन सांगावं की मी नासलोय? मला असा राग आला की खुर्चीचा दांडा धरून मी उठायला गेलो आणि परत खाली बसलो. तिने टोपली भिंतीशी ठेवली. पदराला हात पुसले. बोलली, "दाव."

"तू कोण गं? डॉक्टर हायस?"

"धा वरसं नवऱ्याची पाठ धुतंय. व्हडीतून पडला, कमरेखाली मेला तो. पाठीला भोकं पडतात त्याच्या. डॉक्टरनीपेक्षा जास्त बघितलंय मी. दाव."

मी दाखवलं नाही. ती गेली. दुसऱ्या दिवशी सगळी मासळी विकून, रिकामी टोपली आणि एक ॲल्युमिनियमचं पसरट तसराळं घेऊन आली. आमच्याच स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापवलंन. दाराच्या आत खाली जमिनीवर मांडी घातलीन आणि तसराळं माझ्या पायाशी सरकवलंन.

आता आमच्यात पाय कोणाचे धुतात? लग्नात नवऱ्या मुलाचे. सासरा धुतो. एरवी बाईमाणसाने, तेही परक्या, तेही मला दादूस म्हणणाऱ्या बाईने पाय धुवायचे, हे मला पटेना. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या पायाची लाज वाटत होती. खाऱ्या पाण्याने चिरा पडलेला, काळा पडलेला, वास मारणारा. मुलालाही मी तो धड दाखवत नव्हतो. मी बोललो, "ह्या जन्मात मी तुझ्या हातात पाय देणार नाही."

ती हसायला लागली. पोट धरून हसली. "अरे, यो तर पेद्रू!"

"कोण पेद्रू?"

"आमचा कोली. येजूचा, आमच्या देवाचा मानूस. येजू त्याच्या सगल्या मानसांचे पाय धवाला बसला. कमरेला टॉवेल बांधलान, पानी घेतलान. आन यो पेद्रू बोलतो, न्हाय देनार पाय, तू माजा मालक, तू कसा धुतोस? लय हट्टी. व्हडीवरचा मानूस ना."

"मग?"

"मग काय. दिला त्यानं. तू पन देशील. पानी थंड होतंय."

दिला मी पाय. का दिला ते आजही सांगता येत नाही. अकरा तास कोणी बोलत नव्हतं, हे एक असेल. तिने पाण्यात चिमूटभर मीठ टाकू का विचारलंन. मी बोललो, "चाळीस वर्षं ह्या पायाने मीठच खाल्लंय, अजून थोडं खाईल." पाणी पायाला लागलं आणि जळलं. मी दात दाबले. ती खाली मान घालून धूत होती. नाक मुरडलं नाही, तोंड फिरवलं नाही. मासा साफ करताना करते तशी बोटाबोटांतून पाणी फिरवत होती. मला वर बघवेना आणि खाली बघवेना. म्हणून मी गॅलरीकडे बघत राहिलो.

तेव्हापासून ती रविवार सोडून रोज यायची. कंपाउंडरकडून लाल औषध आणायची. मी गादीखाली लपवलेल्या साखर उतरायच्या गोळ्या तिने शोधून काढल्यान आणि रोज एक माझ्या तोंडात घातलीन. जुन्या धोतराच्या पट्ट्या मी दिल्या होत्या, त्या खरबरीत होत्या, जखमेला चिकटायच्या. सोडताना रक्त यायचं. एक दिवस ती वेगळं कापड घेऊन आली. तांबडं, तलम, सुती, धुऊन मऊ झालेलं नव्हे, मुळातच मऊ. एका पट्टीला पिवळा काठही होता.

"एवढं चांगलं कापड फाडतेस?"

"पेटीत परलं होतं. डांबरगोल्या खात होतं."

मी पुढे विचारलं नाही. चांगलं होतं, चिकटत नव्हतं. मी समजलो, जुनं असेल.

मी मात्र एक गोष्ट सरळ विचारून टाकली होती. आमच्या बिल्डिंगीत बोलणं चालू झालं होतं की ही बाटवायला येते. मी बोललो, "बाय, स्पष्ट सांग. तुझ्या देवाकडे मला न्यायचंय का? माझा देव त्या भिंतीवर आहे, तिथेच राहणार."

ती पट्टी गुंडाळत होती. वर न बघता बोलली, "ऱ्हाव दे की. मना तुजी भिंत न्हाय पायजे."

"मग हे सगळं कशासाठी? मी तुझा कोण?"

तेव्हा तिने सांगितलंन. एकदाच. नवरा, पास्कू, होडीतून पडून आडवा झाला तेव्हा पहिल्या वर्षी तिने देवाला शिव्या दिल्या होत्या. चर्चला जाणं सोडलं. एक दिवस पास्कूला तसाच घाणीत टाकून, दाराला कडी घालून ती माहेरी निघून गेली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी परत आली तर तो जिवंत होता. त्याने फक्त पाणी मागितलंन. ते दिवस त्यांच्या उपासाचे होते. त्या आठवड्यातल्या गुरुवारी त्यांच्या चर्चमध्ये बारा पुरुषांना बसवून फादर त्यांचे पाय धुतात. ती मागे खांबाआड उभी राहिली. त्या बारा जणांतला एक गावचा दारुडा होता. म्हातारे फादर गुडघे दुखत असताना त्याच्यापुढे खाली बसले, पाय धुतले आणि त्या पायाचा मुका घेतला.

"मी खांब धरून रडली, दादूस. मना वाटलं, येजू माजेपुढं बसलाय. मी नवऱ्याला कडी घातलेली बाई, आन तो माजे पाय धुतोय. मना लय माफ केलान रे. थोडं केलं असतं त मी पन थोडंच धुतलं असतं."

मग नाक ओढून बोलली, "हलू नको. गाठ मारूं दे."

तिचं नुकसान होत होतं, ते मला दिसत होतं आणि मी गप्प होतो. आधी समोरच्या वहिनींनी मासळी घेणं बंद केलं. "सडक्या पायाचे हात आमच्या पापलेटला?" मग दुसऱ्या मजल्यावरच्यांनी. ती विकून झाल्यावर पाय धुवायची, आधी नाही, तरीही. हळूहळू आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत तिचं एकही गिऱ्हाईक उरलं नाही. ती लांबच्या सेक्टरला जाऊन विकायची आणि तिथून उन्हात चालत फक्त माझ्या पायासाठी परत यायची. मी एकदा बोललो, नको येऊ. ती बोलली, "पेद्रू, तुला कोन विचारतंय?"

पाच महिन्यांत जखम खालून लाल होऊन भरत आली. अंगठ्याचं टोक झडलं, पण पाय राहिला. अनंताने एकदा सुट्टी घेऊन दोन माणसांकडून मला खुर्चीसकट खाली नेलं, डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर चकित. "ड्रेसिंग कोण करतं?" मी बोललो, "मीच करतो." अनंताच्या तोंडावर असा आनंद होता की मला ते खोटं खोटंच वाटलं नाही. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात," तो बोलला. मी मान ताठ केली. परत खुर्चीत बसून वर आलो. दार उघडं, जिना समोर, आणि मी तिथेच.

मग तो दिवस आला. कसलीशी सुट्टी होती, अनंत घरात होता, मला ते तिला सांगायला जमलं नव्हतं. सकाळीच समोरच्या वहिनी त्याला दारात सांगून गेल्या, "भाऊ, तुमच्या वडिलांचं नाव बदललंय, माहितीये का? ती कोळीण त्यांना पेद्रू म्हणते. आमच्या कानांनी ऐकलंय. त्यांच्यात पाणी घालून नवीन नाव ठेवतात ना, तसं झालेलं दिसतंय."

दुपारी ती आली. बगलेत तसराळं.

अनंताने दार अडवलं. "माझ्या वडिलांना पेद्रू कोण म्हणतं?"

"मी."

"तुम्ही त्यांच्यावर पाणी घातलंत?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिला हसू आलं. "बाला, आमच्यात नाव ठेवताना पानी डोक्यावर घालतात. मी पाय धुतंय, डोकं न्हाय."

अनंत हसला नाही. जिन्यात वरखालची माणसं उभी राहिली होती. तो माझ्याकडे वळला. "बाबा, हिला तुम्ही बोलावलंत?"

मी बोललो, "मी कशाला बोलावू?"

"रोज येते म्हणतात."

"येत असेल मावरं विकायला. मी ओळखत नाही."

"तुमच्या पायाला हिने हात लावला?"

माझ्या पायाला तेव्हा तिनेच आदल्या दिवशी बांधलेली तांबडी पट्टी होती. तिची गाठ वेगळी असायची, जाळ्याची गाठ, कोळीच मारतात. सगळ्यांच्या समोर ती गाठ दिसत होती. मी बोललो, "नाही. मी माझं मी करतो."

तिने गाठीकडे बघितलंन, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ही बोलेल. सगळ्या बिल्डिंगीसमोर माझी लाज काढेल. ती अनंताला बोलली, "बराबर बोलतोय तो. मी मावरं विकाला आल्ती." आणि तसराळं हळूच उंबऱ्याच्या आत ठेवून जिना उतरून गेली. तिच्या पायांचा आवाज तळमजल्यापर्यंत येत होता. मी उठू शकलो असतो. तोवर काठीने दोन खोल्या चालत होतो. मी उठलो नाही.

ती परत आली नाही. मी निरोप धाडला नाही. पट्ट्यांचा एक गठ्ठा तिने धुऊन, वाळवून माझ्या पलंगाखाली ठेवला होता, त्यावर माझं उरलेलं ड्रेसिंग झालं. जखम पुरती भरली. डॉक्टर बोलला, आता फिरा, जिना उतरा. मी बोललो, गुडघा दुखतो. गुडघा दुखत होताच, पण उतरलो असतो तर खाली गेल्यावर कुठे जायचं हे मला ठाऊक होतं, म्हणून उतरत नव्हतो. पावसाळा गेला. मिठागराचा तो पांढरा तुकडाही गेला, तिथे खांब उभे राहिले. मी त्याच खुर्चीत.

दिवाळीनंतर एक दुसरी कोळीण बोंबील घेऊन आली. तिने मासा नाकाशी धरला नाही, तसाच तराजूत टाकला. मी विचारलं, "उत्तनची ना? कातरिनबाय दिसत नाही."

"कातरिन? ती गेली ना. कावील झाली. पंधरा दिस झाले माती देऊन."

मी काठी घेतली आणि जिना उतरलो. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तीन मजले. समोरच्या वहिनी बोलल्या, "काका, एकटे कुठे?" रिक्षा केली, भाईंदरला उतरलो, उत्तनची बस धरली.

घर विचारत विचारत सापडलं. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते, कोणा शेजाऱ्याचे. आत एका खाटेवर पास्कू पडला होता. हाडं आणि डोळे. मी दारात उभा राहिलो, नाव सांगायच्या आधीच तो बोलला, "पायाला काय झालंय? तू पेद्रू का?"

मी मान हलवली.

"ये. बस. तिनं सांगितलेलं, तू येशील. मी बोललो, न्हाय येनार."

मी बसलो. त्याने मला पाणीही विचारलं नाही, सरळ सुरू झाला. "तुजेपायी मी तिला शिव्या दिल्या. आमच्यात म्हातारी बाय आपल्या मातीचं लुगडं पेटीत ठेवते. मेल्यावर नेसवायचं. तिनं लग्नातलं तांबडं ठेवलं होतं, पिवल्या काठाचं. तेच फाडलंन. मी बोललो, बये, एवढं चांगलं लुगडं त्या मीठवाल्याच्या सडक्या पायाला? माजी पाठ हाय इकडं. मला बोलली, तू रोजचा हाय, तुला जुनं चालतं. त्याचा पाय जाईल."

मी माझ्या उजव्या पायाकडे बघितलं.

"शेजारनीच्या साडीत पुरली तिला," पास्कू बोलला. "नायलॉनची."

मी विचारलं, "माझ्यावर रागावली होती?"

"कनाला रागवेल? त्या दिवशी घरी आली आन हसत बसली. बोलली, पास्कू, माजा पेद्रू बराबर तीनदा न्हाय बोलला. मोजून तीनदा, त्या पेद्रूसारका." मला काही कळलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. "येजूला पकडला ना, तेव्हा लोकांनी इचारलं, तू ह्याच्यातला का? पेद्रू बोलला, मी ओलखत न्हाय. तीनदा."

"मग त्याचं काय झालं?"

"मग रडला. मग येजूनं त्यालाच मोठा केलान." पास्कूने भिंतीकडे तोंड फिरवलंन. "ती तशीच होती. मला पन तिनं कधी त्या दोन दिवसांचं बोलू दिलं न्हाय. मी बोलाया गेलो की सांगायची, ते धुतलंय."

मी उठताना चादरीबाहेर आलेले त्याचे पाय दिसले. सुजलेले, नखं वाढून वळलेली, घोट्याजवळ मळाचे थर, टाचेला एक काळा डाग, जसा माझ्या जखमेचा पहिल्या दिवसांत होता. त्याची एक भाची दोन वेळा भात ठेवून जात होती. पाय कोणी धूत नव्हतं. मी बघितलं आणि बाहेर पडलो. बसमध्ये बसून परत आलो. तीन मजले चढलो. अनंताला काही सांगितलं नाही.

मी बाटलो नाही. माझा देव अजून त्याच भिंतीवर आहे. हे अशासाठी लिहितोय की कातरिनबाय नावाची एक बाई होती आणि तिने माझे पाय धुतले, हे मी भर जिन्यात नाकारलं होतं. कुठेतरी ते माझ्या अक्षरात असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाखालून ते तसराळं काढलं. तांबड्या पट्ट्यांपैकी ज्या चांगल्या होत्या त्या त्यात ठेवल्या. अनंत बुटाची लेस बांधत होता. बोलला, "बाबा, हे घेऊन कुठे चाललात?"

"उत्तनला. पाय धुवायला."

"कोणाचे?"

"कातरिनबायच्या नवऱ्याचे. तिने माझे धुतले होते. पाच महिने, इथे, ह्या लादीवर. मीच पाय पुढे केला होता. मी तुला खोटं सांगितलं."

समोरचं दार उघडं होतं. वहिनी ऐकत होत्या. मी तेच पुन्हा एकदा मोठ्याने बोललो आणि जिना उतरलो.

उत्तनला पोचलो तेव्हा पास्कू जागा होता. चुलीवर पाणी ठेवलं, बोट घालून बघितलं, तसराळ्यात ओतलं. त्याने पाय चादरीत ओढायला बघितलं, पण ते पाय त्याचे ऐकत नव्हते. "न्हाय," तो बोलला. "तू माजेपेक्षा मोठा. तू कनाला धुतोस?"

"पाणी थंड होतंय," मी बोललो.

काठी भिंतीला टेकवली. एकदा जमिनीवर बसलो की धरून उठवल्याशिवाय मला उठता येत नाही, आणि त्या घरात मला उठवणारं कोणी नव्हतं. मी खाली बसलो.